उलंगवाडीची तारीख

डिसेंबर उतरणीला लागला की यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या आसपासच्या वावरांत शेतकऱ्याला एक मोह पडतो. दोन-तीन वेचण्या झालेल्या असतात, मुख्य कापूस घरात किंवा जिनिंगला गेलेला असतो, पण पऱ्हाटी अजून हिरवी असते. शेंड्याला नवी पालवी, चार पात्या म्हणजे कोवळ्या कळ्या, मधूनच एखादं पिवळं फूल. अशा वेळी बेंबळा धरणाच्या कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी हाताशी असलं की वाटतं, एक ओलीत करावं, थोडा युरिया टाकावा, आणखी दोन क्विंटल तरी निघेल. बियाणं नाही, पेरणी नाही, निंदणही फारसं नाही. उभ्या झाडाकडून असं वरकड पीक काढणं म्हणजे फरदड.

न घेणाऱ्याला वेडा म्हणावं असंच हे गणित वाटतं. वावर रिकामं ठेवून काय मिळणार? तोच प्रश्न आपण स्वतःलाही विचारत असतो. दुपारी तासभर आडवं होऊन काय मिळणार? रविवारी फोन बंद ठेवून काय मिळणार? माणसाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर उपदेशाच्या अंगाने जातं आणि कुणी ऐकत नाही. पऱ्हाटीच्या बाबतीत मात्र ते टप्प्याटप्प्याने दाखवता येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गुलाबी बोंडअळीचा पतंग जेमतेम सेंटिमीटरभराचा, मातकट रंगाचा आणि रात्री फिरणारा. तो पात्या, फुलं, कोवळी बोंडं यांच्यावर अंडी घालतो. चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते आणि लगेच आत शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या एकमेकींना चिकटतात, फूल उमलतच नाही आणि गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखं दिसतं. याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर आत जाण्याचं भोक काही दिवसांत बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक आणि निर्दोष. फोडून पाहावं तर आत पांढरट किंवा गुलाबी अळी सरकी पोखरत बसलेली, भोवतीचा धागा पिवळा पडून चिकटलेला. हाच पुढे कवडी कापूस म्हणून वेगळा काढावा लागतो आणि पडेल भावाने जातो. अळी बोंडात बंद असल्यामुळे वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. अंड्यापासून पतंगापर्यंतचा तिचा फेरा साधारण महिन्याभराचा असतो. म्हणजे जुलैअखेर पऱ्हाटी पात्या-फुलांवर आल्यापासून डिसेंबरपर्यंत चार-पाच पिढ्या सहज होतात.

खरी गंमत पुढे आहे. दिवस लहान झाले, थंडी पडली की शेवटच्या पिढीतल्या बऱ्याच अळ्या कोष करण्याचं लांबवतात आणि अंगात चरबी साठवून झोपी जातात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, न फुटलेल्या बोंडात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात, जमिनीच्या भेगांत, जिनिंगच्या आवारात पडलेल्या सरकीत, जिथे जागा सापडेल तिथे त्या महिनोन्‌महिने पडून राहतात. कधी थांबायचं, हे त्या अळीला आपल्यापेक्षा बरं कळतं. हिची उपजीविका मुख्यतः कपाशीवर. भेंडीसारख्या कपाशीच्या भाऊबंदांवर ती थोडीफार निभते, पण तेवढ्यावर तिचा वंश फोफावत नाही. म्हणून वावरात पऱ्हाटी नसण्याचे पाच महिने हाच तिच्या साखळीतला कच्चा दुवा.

तो दुवा कसा तुटतो, ते पाहू. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटली, तर जागती अळी उपाशी मरते. उपटण्याआधी धनगराच्या मेंढ्या वावरात सोडल्या तर त्या हिरवी बोंडं अळीसकट फस्त करतात आणि वर लेंडीखत देऊन जातात. नांगरटीने वर आलेले कोष बगळे-साळुंक्या टिपतात, उरलेले वैशाखाच्या उन्हात भाजून निघतात. तरीही काही अळ्या वाचतात. मे-जूनमध्ये त्यांचे पतंग होतात. पण पतंगाचं आयुष्य आठवडा-दोन आठवड्यांचं. तेवढ्या दिवसांत आसपास पाती किंवा फूल नसेल, तर अंडी घालूनही वंश पुढे जात नाही. मृगाच्या पावसावर पेरलेल्या कपाशीला पात्या लागेपर्यंत जुलै संपत येतो आणि तोवर यातले बहुतेक पतंग संपलेले असतात. गेल्या काही वर्षांत कृषी विभाग कपाशीच्या बियाण्याच्या विक्रीला मे महिन्यात तारखेची अट घालतो, ती याच कारणाने. मान्सूनपूर्व पेरणी झाली की या उपाशी पतंगांना नेमक्या वेळी पंगत मिळते.

फरदड घेतली की हे सगळं उलटं होतं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्चपर्यंत अळीला ताजी बोंडं मिळत राहतात आणि आणखी पिढ्या निघतात. मार्चची पऱ्हाटी आणि मेची पेरणी यांच्यात फारशी फट उरत नाही. बीटी कपाशी भारतात 2002 मध्ये आली, दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये. सुरुवातीला बोंडअळी गायब झाल्यासारखी वाटली आणि फवारण्या कमी झाल्या. त्या भरवशावर आपण फरदडीची सवय लावून घेतली. वर्षातले बरेचसे महिने बीटीचं विष खात जगलेल्या पिढ्यांतून ते पचवणाऱ्या अळ्या तेवढ्या निवडल्या गेल्या. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडं फोडली तेव्हा त्याचा हिशेब दिसला. दोष एकट्या फरदडीचा नाही. अनेक संकरित वाणांचा लांबलेला कालावधी, बीटीसोबत सीमेवर लावायच्या साध्या कपाशीकडे झालेलं दुर्लक्ष, हीही कारणं आहेत. पण थांबायचं कधी, हे तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात होतं.

आता अडचणीचा भाग. मी माझी पऱ्हाटी 31 डिसेंबरला उपटली आणि शेजाऱ्याने मार्चपर्यंत ठेवली, तर माझ्या थांबण्याचा उपयोग फार थोडा. पतंगाला धुरा कळत नाही. म्हणजे नुकसान माझं, दोन क्विंटल त्याचे आणि पुढच्या वर्षीची अळी दोघांची. पुढच्या डिसेंबरला मीही पाणी देतो. फरदड टिकते ती अशी. लोभ असतोच, पण त्याहून जास्त भीती असते, आपण एकटेच थांबलो तर मागे पडू याची.

हे ओळखून जिथे उपाय झाले, तिथे ते गावाने मिळून किंवा कायद्याने झाले. मद्रास प्रांतात 1919 मध्ये कीड-रोगांचा कायदा आला आणि त्याखाली कंबोडिया कपाशीची झाडं ठरलेल्या तारखेपर्यंत उपटणं बंधनकारक झालं. अमेरिकेच्या ॲरिझोनात पऱ्हाटी गाडण्याची शेवटची तारीख ठरलेली असे. तिथे बीटी वाण आणि नपुंसक केलेले पतंग सोडण्याची मोहीम यांच्या जोडीला ही शिस्त होती. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने देशातल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. जवळपास शंभर वर्षांचं दुखणं होतं ते.

रिकामं वावर या पाच महिन्यांत काय करतं? आमच्या भागातली काळी जमीन मोठी मजेशीर. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते, पाऊस पडला की जमीन पुन्हा फुगून मिटते. म्हणजे ती स्वतःलाच हळूहळू खालीवर करत असते. दुसरी गोष्ट दिसत नाही. कडक वाळलेल्या मातीवर पहिला पाऊस पडतो तेव्हा उपाशी जीवाणू एकदम कामाला लागतात, मेलेल्या जीवाणूंचं आणि सेंद्रिय पदार्थाचं विघटन होतं, आणि पिकाला घेता येईल असं नत्र मोकळं होतं. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने 1958 मध्ये याची नीट मांडणी केली, म्हणून शास्त्रात त्याला त्याचंच नाव आहे. मृगाच्या पेरणीला उगवण जोमदार दिसते, त्यात या वाळण्याचा वाटा असतो. फरदडीला शेवटपर्यंत ओल देत राहिलेल्या वावराला हे वाळणं पुरेसं मिळत नाही.

वावरानंतर बैल. गवत-कडबा बैलाच्या पोटात गेला म्हणजे पचला असं होत नाही. तो परत तोंडात आणून चघळावा लागतो आणि या रवंथाला दिवसातले सात-आठ तास लागतात. चरायला जवळपास तेवढेच. जुवाखाली फार वेळ राहिलेला बैल खाल्लेलं अंगी लावू शकत नाही. पेंड वाढवली तरी तो खंगत जातो, कारण कमी पडलेला असतो वेळ. जुन्या शेतकऱ्याला हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. पहाटे औत धरायचं, ऊन चढलं की सोडायचं, बैल सावलीत बसले की आपणही भाकर सोडायची. पुढे सरकारने हे नियमात लिहिलं. ओढकामाच्या जनावरांबाबतच्या 1965 च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी ओढायला किंवा ओझं वाहायला जनावर दिवसात नऊ तासांहून जास्त वापरायचं नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि तापमान 37 अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात अजिबात नाही.

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा 37 च्या खाली राहिला तर बातमी होईल. म्हणजे कागदावर बैलाला महिनाभर रोज दुपारची सुट्टी आहे. बैल हाकणाऱ्याला आहे का? त्याच्यासाठी उष्माघाताच्या सूचना असतात, आवाहनं असतात. शेतमजुराला त्या वेळात कामाला लावू नये, असं नियमाच्या भाषेत आणि तासांच्या आकड्यात कुणी लिहिलेलं नाही. गिरणी-कारखान्याच्या कामगाराला मात्र 1948 च्या कारखाना अधिनियमाने नेमके तेच आकडे दिले होते: दिवसाला नऊ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा.

बैलाचा विसावा आणि माणसाचा विसावा एकाच दाव्याला बांधलेले होते. औत सुटलं की काम थांबायचं, मालकाची इच्छा असो वा नसो. मग ट्रॅक्टर आला. तो रवंथ करत नाही, त्याला ऊन लागत नाही, आणि त्याला दिवे असतात. नांगरट सोपी झाली, दहा दिवसांचं काम दिवसात उरकू लागलं, ते चांगलंच झालं. पण जनावराच्या निमित्ताने माणसाला जो विसावा मिळायचा, तो जनावराबरोबर गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आपण ठेवलं नाही. शहरातल्या माणसाचं दुखणं याहून फार वेगळं नाही. त्याचं ऑफिस सहाला बंद होत होतं, कारण फाइल ऑफिसातच राहायची. आता फाइल खिशात आली.

पोळा याच हिशेबाने पाहावा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. हळद-लोणी गरम करून, पळसाच्या पानाने, जूं जिथे घासतं तिथे हळूहळू चोळायचं, आणि चोळता चोळता उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. उन्हाळवाही, पेरणी, डवरणी झालेली असते. मान जिथे खांद्याला मिळते तिथली कातडी जाड झालेली, कधी सुजलेली असते. ती ओळखायची तर हात लावावा लागतो, आणि वर्षातून एकदा तरी तो लागतोच. सकाळी नदी-नाल्यावर धुणं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, नवी वेसण, संध्याकाळी गावाच्या तोरणाखाली सगळ्या जोड्या. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जूं ठेवायचं नाही. कुणी ठेवलं तर गाव नाव ठेवतं. शेजाऱ्याचा बैल उभा आहे म्हणून माझाही उभा राहू शकतो, मी मागे पडत नाही. फरदडीत जे जमत नाही ते पोळ्यात जमतं, कारण त्याला तारीख आहे. श्रावणातली अमावास्या हलवता येत नाही.

एक मात्र बोललं पाहिजे. पोळ्याला बैल थांबतो, गडी थांबतो, बोजाऱ्याचे म्हणजे पोळ्याच्या बक्षिसीचे पैसेही मिळतात. घरची बाई त्या दिवशी पहाटे चारलाच उठते, पुरण शिजवते, पाट्यावर नाहीतर पुरणयंत्रात वाटते आणि सगळी जेवून उठेपर्यंत चुलीपुढून हलत नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचे लाकडी बैल, पुन्हा पाहुणे. तिसऱ्या दिवशी ती निंदायला जाते. आपल्या सणांनी बैलाचा खांदा पाहिला, बाईचा पाहिला नाही.

माणसाच्या शरीरात थांबण्याचं काम कसं चालतं, हे इथल्याच एका जीवघेण्या उदाहरणावरून सांगतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट हवा, औषधांची मिश्रणं, संरक्षक कपड्यांचा अभाव अशी पुष्कळ कारणं सांगितली गेली. त्यात सुट्टी नसण्याचं कारणही आहे. कपाशीवर मारली जाणारी बरीच औषधं ऑर्गनोफॉस्फेट गटातली. ती घामेजल्या कातडीतून आणि श्वासातून आत जातात आणि कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम निकामी करतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला हुकूम काम झाल्यावर पुसून टाकणं हे त्याचं काम. ते बंद पडलं की हुकूम वाजतच राहतो. आधी डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, लाळ, मग स्नायू थरथरणं आणि शेवटी श्वास अडखळणं. शरीर हे एन्झाइम नव्याने तयार करतं, पण त्याला दिवस लागतात, पुष्कळ वेळा आठवडे. सोमवारी फवारलं, थोडं डोकं दुखलं, रात्री बरं वाटलं. मंगळवारी पुन्हा पंप पाठीवर. बरं वाटतं तेव्हा साठा भरलेला नसतो, सवय झालेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नेहमीएवढ्याच औषधाने माणूस कोसळतो. म्हणून एकाच मजुराने रोज फवारू नये, फवारणीचं काम आळीपाळीने वाटावं आणि मध्ये फवारणीमुक्त दिवस सोडावेत.

बाकीच्या थकव्याची तऱ्हाही अशीच आहे. स्नायूंतला साखरेचा साठा जड कामाने रिता झाला की भरायला जवळपास एक दिवस लागतो. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं, ते झोपेतच उतरतं. चहा त्याची जाणीव दाबतो, साठा कमी करत नाही. दुपारच्या झोपेबद्दल आपल्याकडे उगाच अपराधी वाटून घेतात. चरकसंहितेने दिवसा झोपायला एरवी मनाई केली आहे, पण ग्रीष्म ऋतूत मोकळीक दिली आहे, कारण रात्री लहान असतात. काम करून, ओझं वाहून, चालून थकलेल्यालाही ती आहे. वैशाखातल्या दुपारी निंबाखाली आडव्या झालेल्या मजुराला आळशी म्हणणाऱ्याने निदान हा अध्याय तरी वाचावा.

आठवड्याची सुट्टीही कुणी सहज दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत सुट्टी मालकाच्या मर्जीवर होती, आणि कुणा एका मालकाला वाटलं तरी शेजारची गिरणी चालू असताना आपली कशी बंद ठेवायची ही भीती होती. सत्यशोधक कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली, सह्यांची निवेदनं दिली, सभा घेतल्या. रविवारच मागितला, तो खंडोबाचा वार आहे असंही सांगितलं. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. सगळ्या गिरण्यांना एकच वार मिळाला आणि भीती उरली नाही. शेतमजुराला तो रविवार मिळाला नाही. त्याने आपली सोय आठवडी बाजारात शोधली. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे मजूर मिळत नाही, ही मालकांची जुनी तक्रार आहे. ती तक्रार अशीच राहो.

तेव्हा ज्याला थांबायचं आहे त्याने एकट्याने निश्चय करत बसू नये. निश्चय जानेवारीत हिरवी पऱ्हाटी पाहून मोडतो. सोबती गोळा करावे आणि तारीख आधी ठरवावी. बाभुळगाव तालुक्यातल्या गावांना त्यासाठी नवं काही काढावं लागत नाही. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा होते, पहिली वेचणी बहुतेक ठिकाणी अजून व्हायची असते, त्यामुळे डोकीही थंड असतात. त्या सभेत तीन ठराव मांडा. गावाची उलंगवाडी, म्हणजे वेचणी आटोपून पऱ्हाटी उपटणं, 31 डिसेंबरपर्यंत, मग पाणी कुणाकडे कितीही असो. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग वर्षभर धुऱ्यावर राहणार नाहीत, ज्याला जळणाला हव्या त्याने मार्चपर्यंत जाळून संपवाव्या, बाकीच्यांचा यंत्राने भुगा करून जमिनीत गाडावा. आणि पुढच्या खरिपापासून आठवड्यातला एक वार गावात फवारणी नाही, निंदण नाही, वेचणी नाही. वार कोणता, ते बायकांना विचारून ठरवा. त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार, हेही त्याच सभेत विचारून घ्या.